नेदरलँड्समध्ये सायकलने ऑफिसला जायचं, तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑगस्टमध्ये पुण्याहून आइंडहोव्हनला आलात. ऑफिस फेल्डहोव्हनला, घरापासून सात किलोमीटर. चार वर्षांच्या मुलाला शाळेत सोडून पुढे कामावर जायचं आहे. कॉलेजपर्यंत सायकल चालवली, त्यानंतर पंधरा वर्षं ॲक्टिव्हा. पहिल्याच आठवड्यात एका चौकात गाडी येताना दिसली म्हणून तुम्ही थांबलात, तर मागून येणारी बाई अंगावर खेकसली. हेल्मेट घ्यावं का, इ-बाइक घ्यावी का, आणि नोव्हेंबरच्या अंधारात हे सगळं झेपेल का, असं विचारलंय.

त्या खेकसलेल्या बाईपासूनच सुरुवात करते, कारण हेल्मेटपेक्षा आणि इ-बाइकपेक्षा तो प्रसंग महत्त्वाचा आहे.

मी मूळची सांगलीची, २००९ पासून इथे. गेली आठ वर्षं रविवारी सकाळी एका रिकाम्या पार्किंगमध्ये नव्याने आलेल्यांना सायकल शिकवते. त्यात आपल्याकडच्या बायका जास्त. ज्यांनी कधीच सायकल चालवलेली नसते त्यांची मला फारशी काळजी वाटत नाही. त्या कोऱ्या पाटीने येतात, सांगितलं तेवढं करतात. काळजी वाटते ती 'मी शाळेत असताना रोज चालवायचे' म्हणणाऱ्यांची. त्यांचा तोल उत्तम असतो, पण हातापायांत कर्वे रोड मुरलेला असतो.

आपल्याकडे कोण आधी जाणार हे त्या क्षणी, तिथल्या तिथे ठरतं. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, मान हलवायची, हात दाखवायचा, पुढचं चाक थोडं घुसवायचं, नाहीतर 'जा बाबा तू' म्हणून थांबायचं. ही वाट काढायची कला आहे आणि ती आपल्याला उत्तम येते. इथे मात्र चौकात पोचण्याआधीच सगळं ठरलेलं असतं. तुमचा हक्क होता, म्हणून गाडी थांबणारच होती. मागच्या बाईने ते तुमच्याही आधी ओळखलं होतं. तुम्ही सरळ जाणार हे धरून ती तुमच्या मागच्या चाकापासून एका हातावर येत होती, आणि तुम्ही सौजन्य दाखवलंत. तिच्या दृष्टीने तुम्ही भर रस्त्यात विनाकारण ब्रेक मारलात.

मी हेच केलं होतं, दुसऱ्याच महिन्यात. माझ्या मागे कॉलेजचा एक मुलगा होता. दोघंही पडलो, माझं मनगट गेलं, सहा आठवडे प्लास्टर. त्याला राग आला नव्हता, तो खरोखर बुचकळ्यात पडला होता. मला उठवताना पुन्हा पुन्हा विचारत होता, 'पण तू थांबलीस का? रस्ता तुझाच होता ना?' मला त्याचं उत्तर देता येईना. सांगलीत थांबतात म्हणून, असं सांगणार कसं?

तेव्हा पहिलं काम म्हणजे रस्ता कधी आपला आणि कधी दुसऱ्याचा हे पाठ करणं. नियम बरेच आहेत, पण रोजच्या जाण्यायेण्यात नव्वद टक्के वेळा तीन-चारच लागतात.

सगळ्यात आधी जमिनीकडे बघायला शिका. रस्त्यावर पांढऱ्या त्रिकोणांची ओळ रंगवलेली असते. डच लोक तिला 'हायेनटांडन' म्हणतात, म्हणजे शार्कचे दात. त्रिकोणांची टोकं तुमच्याकडे रोखलेली असतील तर तुम्ही थांबायचं. टोकं दुसऱ्याकडे असतील तर थांबायचं त्याने, आणि तुम्ही न अडखळता जायचं. मी शिकवताना एवढंच सांगते: दात ज्याच्याकडे, त्याने जपायचं.

दात नाहीत, सिग्नल नाही, पाटी नाही, अशा चौकात उजवीकडून येणारा आधी जातो. वस्त्यांमधल्या तीसच्या वेगमर्यादेच्या गल्ल्यांत बहुतेक चौक असेच असतात. इथे आपल्या लोकांची दोन्ही बाजूंनी गफलत होते. उजव्या गल्लीतून गाडी आली की तिला जाऊ द्यायचं, हे पटतं. पण तुम्ही सायकलवर उजवीकडून येत असाल तर गाडीने तुमच्यासाठी थांबायचं, हे मनाला पटायला वेळ लागतो. १ मे २००१ पर्यंत सायकलवाल्याला तो हक्क नव्हताही; मोटारीला वाट द्यावी लागायची. त्या तारखेपासून उजवीकडून येणारी सायकल आणि उजवीकडून येणारी मोटार यांना एकच नियम आहे. अपवाद ट्रामचा. ती कुठूनही आली तरी आधी तीच. आइंडहोव्हनमध्ये ट्राम नाही, पण ॲमस्टरडॅम किंवा द हेगला गेलात तर लक्षात असू द्या.

तिसरं: एकाच रस्त्यावर सरळ जाणारा आधी, वळणारा नंतर. तुम्ही सायकलपट्ट्यावरून सरळ जात आहात आणि शेजारची गाडी उजवीकडे वळतेय, तर तिने थांबायचं. (ट्रकच्या बाबतीत हा हक्क गाजवू नका. त्याबद्दल पुढे लिहिते.)

चौथं पुस्तकात वाचून समजत नाही, डोळ्यांनी बघावं लागतं. काही गल्ल्या मोठ्या रस्त्याला मिळतात तिथे फुटपाथ आणि सायकलपट्टा न तुटता सलग पुढे जातो, आणि गल्लीतून येणाऱ्याला त्या उंचवट्यावरून उतरून यावं लागतं. अशा गल्लीतून बाहेर पडताना तुम्ही उजवीकडून येत असलात तरी हक्क नाही. सगळ्यांना वाट द्यायची, चालणाऱ्यांनासुद्धा. माझ्या शिकाऊ मंडळींपैकी निम्म्या जणी 'उजवीकडचा आधी' एकदा शिकल्या की जोशात या उंचवट्यावरून खाली येतात. चाकाखाली तिरका दगडी कठडा लागला, की समजायचं: आपण दारातून बाहेर पडतोय, चौकात नाही.

राउंडअबाउटचं सांगायचं तर गावात सहसा सायकलला हक्क असतो, गावाबाहेर सहसा नसतो. पण 'सहसा'वर कोणी जीव टाकू नये. दात बघा. फिरायचं घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने, आणि बाहेर पडण्याआधी उजवा हात बाहेर.

हे नियम घोटवायचा एक स्वस्त उपाय आहे. इथल्या प्राथमिक शाळेत अकरा-बारा वर्षांच्या मुलांची वाहतुकीची परीक्षा होते. 'फेलिख फेरकेर नेडरलांड' ही संस्था ती घेते, आणि सरावाचे प्रश्न नेटवर मिळतात. मी पहिल्यांदा सोडवले तेव्हा सपशेल नापास झाले होते. नवऱ्याला बसवलं, तोही नापास. तेव्हा जरा बरं वाटलं.

आता डावं-उजवं. इथे रहदारी उजवीकडून चालते हे तुम्हाला माहीत आहे, पण माहीत असणं आणि मानेला माहीत असणं यात फरक आहे. रस्त्यावर पाऊल टाकताना आपली मान आधी उजवीकडे वळते. इथे पहिली गाडी डावीकडून येते. सायकलपट्टे कित्येकदा दुहेरी असतात, म्हणून दोन्हीकडे बघाच. पण आधी डावीकडे. डावीकडे वळायचं असेल तर डाव्या खांद्यावरून मागे बघायचं. ॲक्टिव्हाच्या आरशाची सवय लागल्यामुळे आपण मागे वळून बघणंच विसरलेलो असतो, आणि बघायला गेलं की हँडलही मानेबरोबर वळतं. हे पार्किंगमध्येच घोटावं लागतं. मी मागे उभी राहून बोटं दाखवते, शिकणारीने सरळ रेषेत चालवत किती बोटं ते सांगायचं. घरी नवऱ्याला उभं करा. वीस मिनिटांत जमतं.

पहिल्या आठवड्यात चुकीच्या बाजूला कोणी जात नाही, कारण तेव्हा भीती जागी असते. चूक होते तिसऱ्या महिन्यात. पहाटे रस्ता रिकामा असतो, डोक्यात मीटिंग असते, तुम्ही डावीकडे वळता आणि सरळ डाव्या बाजूला लागता. दुसरी वेळ म्हणजे गणपतीला किंवा दिवाळीला घरी जाऊन आल्यानंतरचा आठवडा. तो आठवडा मी स्वतः अजूनही सावध असते. आणि 'एवढ्याशासाठी रस्ता कुठे ओलांडू' म्हणून उलट बाजूच्या पट्ट्यावरून पन्नास मीटर जाणं, हे पुण्यातलं पुण्यात ठेवा. इथे समोरून पंचविसाच्या वेगाने इ-बाइक येते, आणि समोर कोणी असेल अशी त्या आजोबांना अपेक्षाच नसते.

डावीकडे वळताना घाई करू नका. मोठ्या चौकात सायकलपट्ट्यावरून आधी सरळ ओलांडायचं, मग डावीकडचा सिग्नल घ्यायचा. दोन टप्पे. वळण्याआधी हात दाखवणं इथे सक्तीचं आहे, आणि ते समोरच्यापेक्षा मागच्यासाठी जास्त आहे. ओलांडून पुढे जाणारे डाव्या बाजूने जातात, म्हणून तुम्ही उजवी कड सोडू नका. मागून एकदा घंटी वाजली तर ती शिवी नाही. 'डावीकडून येतेय' एवढाच तिचा अर्थ. दचकून डावीकडे वळायचं नाही, आहात तशाच सरळ राहा. आणि चौकाचं काहीच कळेनासं झालं तर? होतं तसं. वेग आधीपासून कमी करत या, एकदा मागे बघा, उजव्या कडेला गवतात पाय टेका. मग निवांत विचार करा. थांबणं चुकीचं नाही. अचानक आणि मधोमध थांबणं चुकीचं आहे.

ट्रकचा विषय वेगळा काढते, कारण इथे हक्काचा उपयोग शून्य. ट्रक उजवीकडे वळत असताना त्याच्या उजव्या अंगाला असलेला सायकलवाला ड्रायव्हरला दिसत नाही. डच लोक त्याला 'डोडे हुक' म्हणतात, मेलेला कोपरा. शाळांमध्ये खरा ट्रक आणून मुलांना ड्रायव्हरच्या सीटवर बसवून हे दाखवतात. सिग्नलला ट्रक उभा असेल तर त्याच्या शेजारी जाऊन उभं राहू नका. मागे थांबा. किंवा आधीच पोचला असाल तर इतक्या पुढे उभ्या राहा की काचेतून ड्रायव्हरचा चेहरा दिसेल. मला त्याचा चेहरा दिसत नसेल तर त्याला मी दिसत नाही, असं मी धरून चालते. रस्ता माझा असला तरी ट्रक जाईपर्यंत थांबते. मागे कोणी खेकसलं तर खेकसू दे.

सायकल कोणती? तुम्हाला इ-बाइकचा मोह झालाय आणि दुकानदाराने तो वाढवला असणार. माझं मत: पहिले तीन-चार महिने साधी सायकल. सात किलोमीटर सपाट रस्ता म्हणजे पंचवीस-तीस मिनिटं. इतक्यात नियम अंगवळणी पडतात, आणि चुका झाल्या तरी पंधराच्या वेगाने होतात. इ-बाइकला पंचविसाच्या वेगापर्यंत मोटरची साथ मिळते, ती जड असते आणि सुटतानाच झेप घेते. मागे मूल बसलेलं असताना ती झेप नको. अंतर बारा-पंधरा किलोमीटर असतं तर मी वेगळं सांगितलं असतं. जाड टायरच्या फॅटबाइकच्या नादी तर लागूच नका. पंचेचाळीसपर्यंत धावणारी 'स्पीड पेडेलेक' हे आणखी निराळं प्रकरण: पिवळी नंबरप्लेट, विमा, हेल्मेट आणि परवाना, सगळं लागतं. भारतीय परवाना इथे नोंदणी झाल्यापासून १८५ दिवसच चालतो, हेही ध्यानात ठेवा.

साधी सायकल जुनी घेणार असाल तर 'मार्क्टप्लाट्स' या जुन्या वस्तूंच्या वेबसाइटवर भरपूर मिळतात. स्टेशनजवळ कोणी तीस युरोंत चांगली सायकल देऊ लागला तर ती चोरीची आहे असंच समजा. चोरीचा माल घेणं हाही गुन्हा आहे, आणि फ्रेमवरचा नंबर तपासता येतो. पहिल्या वर्षी महिन्याच्या भाड्याने घेतलेली सायकलही वाईट नाही. ज्यांचं पुढचं टायर निळं असतं त्या सगळ्या भाड्याच्या. पंक्चर-दुरुस्ती तेच बघतात. एक मात्र बघा: सीटवर बसल्यावर दोन्ही पायांचे चवडे जमिनीला टेकले पाहिजेत. डच दुकानदार सीट उंच करून देतात, कारण त्यांना तशी सवय. त्यांचं ऐकू नका. सहा महिन्यांनी उंच करा.

ब्रेकबद्दल दुकानातून निघण्याआधीच विचारा. इथल्या कितीतरी सायकलींना मागचा ब्रेक हाताला नसतोच, पायात असतो. पायडल उलटं मारलं की मागचं चाक थांबतं. आपण सिग्नलला उभं असताना पायडल उलटं फिरवून पायाखाली आणतो ना, ते इथे होत नाही. आणि चालवता चालवता सहज उलटं फिरवलं तर सायकल जागीच थांबते. दोन हातब्रेकची सायकल असेल तर कोणता हात पुढच्या चाकाचा ते बघा. डच सायकलींवर पुढचा ब्रेक बहुधा डाव्या हाताला असतो. ओल्या रस्त्यावर घाबरून नुसता पुढचा ब्रेक आवळला की माणूस हँडलवरून पुढे जातो. पार्किंगमध्ये दहा वेळा थांबून बघा, मगच रस्त्यावर.

आता हेल्मेट. इथे साध्या सायकलला आणि पंचविसाच्या इ-बाइकला सक्ती नाही. घातलंत तर लोक तुम्हाला पर्यटक, जर्मन किंवा शर्यतवाला समजतील. समजू द्या. माझ्या ऑफिसातले सहकारी म्हणतात, इथे रस्तेच सुरक्षित आहेत, हेल्मेट कशाला? त्यांचं अर्धं बरोबर आहे. रस्ते असे आपोआप झालेले नाहीत. १९७१ साली या छोट्याशा देशात रस्त्यांवर सुमारे ३,३०० माणसं मेली, त्यांत चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले, 'बालहत्या थांबवा' म्हणून चळवळ उभी राहिली. १९७३ मध्ये तेलाचा तुटवडा आला, आणि मग हळूहळू सायकलींसाठी वेगळे पट्टे बांधले गेले. पण त्याच देशात २०२२ मध्ये २९१ सायकलस्वार मेले, आणि त्यांत वयस्कर लोक फार. शिवाय दवाखान्यात पोचणाऱ्या बहुतेक सायकलवाल्यांना गाडीने उडवलेलंच नसतं. ते आपले आपण पडतात. कडेच्या दगडाला चाक घासतं, पट्ट्याच्या मधोमध रोवलेला खांब दिसत नाही, ओली पानं, बर्फ, ट्रामचे रूळ. तिथे ड्रायव्हर कितीही सज्जन असला तरी तुमच्या डोक्याला त्याचा उपयोग नाही. डच मूल चालायला लागतं तेव्हापासून पडत-उठत शिकलेलं असतं. तुम्ही-आम्ही पस्तिशीत शिकतोय. मी चौदा वर्षं घालतेय. मुलालाही घाला, म्हणजे त्याला ते कपड्यांसारखंच वाटेल.

मुलासाठी मागची सीट घ्या, पाठ टेकेल अशी, पट्टा आणि पाय ठेवायला जागा असलेली. आठ वर्षांखालच्या मुलासाठी तशी सीट हवीच, नुसतं कॅरियरवर बसवणं चालत नाही. (मोठ्या माणसांना डबलसीट इथे चालतं. आजोबा सांगायचे, त्यांच्या वेळी डबलसीटला आणि दिव्याशिवाय फिरणाऱ्याला पोलीस पकडायचे. त्यांना इथली कॉलेजची पोरं दाखवायला हवी होती.) सायकलला दोन पायांचं रुंद स्टँड लावून घ्या. एका पायाच्या स्टँडवर मूल बसवलं की सायकल आडवी होते, आणि मूल सीटवर ठेवून हात सोडायचा नाही, स्टँड कसलंही असो. पहिल्या दोन-तीन फेऱ्या मुलाऐवजी तांदळाची दहा किलोची पिशवी बांधून मारा. हसू नका, मी सगळ्यांना करायला लावते. वजन मागे आणि उंचावर गेलं की सायकल सुटताना झोकांडते, ते पिशवीबरोबरच कळलेलं बरं. ओढणी असेल तर मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी झाकण आहे ना ते बघा. डच सायकलींना ते बहुधा असतंच, इथल्या लांब कोटांसाठी केलेलं. आपल्या ओढणीलाही तेच उपयोगी.

नोव्हेंबरचं विचारलंत. नोव्हेंबर परवडला, डिसेंबर खरा. पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि साडेचारला मावळतं, म्हणजे जाणंही अंधारात आणि येणंही अंधारात. पुढे पांढरा किंवा पिवळा दिवा, मागे लाल. सायकलवर नसतील तर छातीवर आणि पाठीवर अडकवलेले चालतात, पण सतत पेटलेले हवेत. लुकलुकणारे नियमात बसत नाहीत. मागे लाल रिफ्लेक्टर, पायडलवर पिवळे, चाकांवर पांढरे किंवा पिवळे, आणि घंटी. हिवाळ्यासाठी घड्याळं तासभर मागे सरकली की पोलीस चौकात उभे राहून दंड करायला लागतात. दिव्यांची एक जादा जोडी ऑफिसच्या खणात ठेवा. बॅटरी संपते ती नेहमी पावसात. काळा कोट इथला गणवेशच आहे, तुम्ही तो पाळायलाच हवा असं नाही.

थंडीत सायकलपट्ट्यांवरही मीठ टाकतात, पण लाकडी पूल आणि झाडांखालचे कोपरे आधी गोठतात. तिथे वळायचं नाही, ब्रेक मारायचा नाही, पाय न मारता सरळ जाऊ द्यायचं. पाऊस सांगलीसारखा कोसळत नाही, चिवटपणे पडत राहतो. रेनकोटपेक्षा पावसाळी पँट महत्त्वाची, कारण भिजतात त्या मांड्या. 'बाउएनरादार' या पावसाच्या ॲपवर ढग किती मिनिटांत येणार ते दिसतं. सगळं ऑफिस पाच वाजता खिडकीशी नाही, फोनशी उभं असतं. खरा शत्रू वारा. इथे चढ नाहीत, त्याची भरपाई तो करतो. इथल्या झीलंड प्रांतातल्या समुद्रबांधावर २०१३ पासून सोसाट्याचा वारा असेल तेव्हाच एक शर्यत भरवतात, गिअर नसलेल्या साध्या सायकलींवर, साडेआठ किलोमीटर, थेट वाऱ्यात. या लोकांना काय म्हणावं! आपण मात्र हवामान खात्याने नारिंगी इशारा दिला की बसने जावं. आडव्या वाऱ्यात मागे मूल असेल तर मी पिवळ्या इशाऱ्यालाही बसने गेले असते.

फोनबद्दल एवढंच: १ जुलै २०१९ पासून सायकल चालवताना तो हातात धरणं गुन्हा आहे आणि दंड चांगलाच झोंबतो. रस्ता बघायचा असेल तर हँडलला अडकवा. कानात गाणी चालतात, पण पहिले काही महिने कान मोकळे ठेवा. इ-बाइक आवाज न करता मागे येते. दारूची मर्यादाही गाडीइतकीच आहे, म्हणजे शुक्रवारच्या ऑफिस-पार्टीनंतर सायकल हातात धरून चालत जा.

कायद्याबद्दल आपल्या लोकांत एक अर्धवट समज फिरत असतो की 'अपघात झाला तर सायकलवाला नेहमी बरोबर.' तसं नाही. वाहतूक कायद्याच्या कलम १८५ नुसार मोटारीने सायकलवाल्याला किंवा चालणाऱ्याला धडक दिली तर नुकसानभरपाईचा भार मोटारवाल्यावर, म्हणजे त्याच्या विम्यावर येतो. चौदा वर्षांखालच्या मुलांना जवळजवळ पूर्ण संरक्षण आहे. मोठ्यांना सहसा निदान निम्मी भरपाई मिळते, आणि उरलेलं तुमची चूक किती यावर ठरतं. चूक कोणाची, हा प्रश्न वेगळा राहतोच. शिवाय तुम्ही एखाद्या आजींना धडकलात किंवा उभ्या गाडीला ओरखडा काढलात तर तो तुमचा खर्च. त्यासाठी खाजगी दायित्व विमा घ्या. सगळ्या घरासाठी महिन्याला काही युरोंत मिळतो, आणि इथल्या बहुतेक घरांत असतो. पडलात, लागलं, तर ११२. कोणी जखमी नसेल पण पोलीस हवे असतील तर ०९००-८८४४. समोरच्याचं नाव, नंबर, विमा कंपनी लिहून घेतल्याशिवाय 'काही नाही, काही नाही' म्हणून निघून जायचं नाही. आपण लाजून निघून जातो, आणि हात संध्याकाळी सुजतो.

ऑफिसला प्रवासभत्ता विचारा. सायकलने आलात तरी किलोमीटरमागे २३ सेंटपर्यंत करमुक्त देता येतो, २०२४ पासूनचा हा दर. कंपनीची सायकल घेण्याचीही सोय असते. २०२० पासून तिच्या किमतीच्या सात टक्के रक्कम वर्षाच्या उत्पन्नात धरून कर लावतात. मनुष्यबळ विभाग आपणहून हे सांगत नाही.

कुलपं दोन: मागच्या चाकावरचं गोल कुलूप, आणि खांबाला बांधायची जाड साखळी. नुसत्या गोल कुलपाची सायकल उचलून टेम्पोत टाकतात.

आता तुमचा रस्ता. गाडीसाठी जो नकाशा बघता तो बाजूला ठेवा, सायकलवाल्यांच्या 'फीट्सर्सबोंड' संघटनेचा रूटप्लॅनर बघा. त्यात कमी रहदारीचा रस्ता निवडता येतो. गल्लीतून दहा मिनिटं जास्त लागली तरी चालतील, मूल मागे आहे. लाल डांबराचा रस्ता आणि 'आउटो ते गास्ट' अशी पाटी दिसली तर तिथे मोटार पाहुणी आहे. तुम्ही मधून चाला, ती मागे थांबेल. गोल निळ्या पाटीवर पांढरी सायकल असेल तर तो पट्टा वापरणं सक्तीचं. सिग्नलला 'रेख्त्साफ फीट्सर्स फ्रेई' लिहिलेलं असेल तर सायकलने लाल दिव्यातही उजवीकडे वळायला हरकत नाही. लिहिलेलं नसेल तर आहे. तुम्ही कुठे राहता यावर अवलंबून आहे, पण फेल्डहोव्हनकडे जाताना बहुधा तुम्हाला होव्हनरिंग लागेल. मोटारींच्या चौकावर तारांनी टांगलेलं सायकलींचं वर्तुळ, मधे सत्तर मीटरचा खांब, २०१२ चं बांधकाम. पहिल्या दिवशी वर चढल्यावर सगळे खाली गाड्या बघायला थांबतात. बघा, पण कठड्याला लागून. तिथेच माझ्या एका शिष्येला मागून धडक बसली होती.

सोमवारी सकाळी पहिल्यांदा निघू नका. रविवारी सकाळी साडेआठला निघा, एकट्याच. मूल घरी, तांदळाची पिशवी सीटवर. पूर्ण रस्ता जा, प्रत्येक चौकात दात कोणाकडे आहेत ते मोठ्याने म्हणा, आणि ऑफिसच्या सायकल-तळात कुलूप लावून या. पुढच्या रविवारी नवऱ्याला पुढे ठेवून मुलासकट. मग एखाद्या शुक्रवारी खरं ऑफिस. शुक्रवारी बरेच जण घरून काम करतात, रस्ते मोकळे असतात. आणि डबा पाठीवरच्या सॅकमध्ये नको. सॅकने तोल वर जातो आणि पाठ घामेजते. कॅरियरच्या बाजूला लटकणाऱ्या पिशवीत ठेवा, आणि पिठल्याच्या डब्याला रबर लावा. फेल्डहोव्हनच्या वाटेवर विटांची फरसबंदी लागते, ती झाकण सैल करते. माझा लॅपटॉप तसा गेला.